पाच नंबरची मागची सीट

दोन सीटच्या विमानात पुढच्याचा श्वास मागच्याला सतत ऐकू येतो. मास्कमधला माइक चालूच असतो, त्यामुळे पुढच्याने आवंढा गिळला तरी मागच्याच्या कानात वाजतो. गेले काही महिने फ्लाइट लेफ्टनंट तनुजा गव्हाणे रोज स्क्वाड्रन लीडर निरंजन तापकीर यांच्या मागे बसत होती आणि त्यांचा श्वास तिला पाठ झाला होता. सावकाश, खोल, मधेच एखादं गुणगुणणं. म्हणूनच त्या सकाळी लोहगावच्या विमानतळावर इंजिन सुरू झालं आणि हेल्मेटमध्ये आखूड, धापा टाकल्यासारखा श्वास ऐकू येऊ लागला, तेव्हा तिने लगेच विचारलं.

"सर, बरं वाटतंय ना?"

"का?"

"काही नाही. असंच."

"रात्री आईनं आग्रह करकरून वाढलं, ते अंगावर आलंय. तू बाहेर लक्ष ठेव."

हवाई दलाची कसरतींची टीम नऊ विमानांची. त्या रविवारी मोशीच्या मोठ्या मैदानावर त्यांचं प्रदर्शन होतं, आणि आज शुक्रवारी त्याची रंगीत तालीम. पाच नंबरचं विमान निरंजन उडवायचा. त्याची जागा डाव्या टोकाला, दोन नंबरच्या शेजारी. पंखाचं टोक शेजारच्या पंखाजवळ इतकं की खालून बघणाऱ्याला दोन्ही चिकटल्यासारखी दिसावीत. तनुजा टीममध्ये नवी होती. नव्या पायलटने आधी मागे बसून शिकायचं, मग पुढे बसून, आणि तिला टीममध्ये घ्यायचं की नाही हे शेवटी निरंजनच सांगणार होता. मागे बसणाऱ्याला एक नियम पहिल्याच दिवशी सांगतात: फॉर्मेशनमध्ये, म्हणजे विमानं एकमेकांना खेटून उडत असताना, हात मांडीवर ठेवायचे. विमान वळवायच्या एका दांड्यावर दोन माणसांचे हात पडले तर नऊही विमानांतल्या सगळ्यांचा जीव धोक्यात येतो.

निरंजन इथलाच, रहाटणीचा. तापकिरांची शेती केव्हाच गेली होती, तिथे आता इमारती उभ्या होत्या, पण जुनी आळी तशीच होती. आदल्या संध्याकाळी तो तनुजालाही घरी जेवायला घेऊन गेला होता. त्याचे वडील नानासाहेब दारातच उभे होते. "रविवारी सगळी आळी आमच्या गच्चीवर येणार हाय," ते म्हणाले होते. "उद्याबी सकाळी तालीम हाय म्हणं, ती बी बघणार. डावीकडचं टोकाचं इमान आमचं, हे सगळ्यास्नी सांगून ठिवलंय." निरंजन हसला होता, पण जेवला अगदीच कमी. आईने, शालनबाईंनी, दोनदा त्याच्या कपाळाला हात लावायला पाहिलं आणि त्याने दोन्ही वेळा मान मागे घेतली. आता ते सगळं तनुजाच्या डोळ्यांसमोर येत होतं. सकाळी त्याने पोह्यांची बशी तशीच सरकवून दिली होती. विमानात चढायच्या आधी क्षणभर पंखाला टेकून उभा राहिला होता. तिने पाहिलं होतं आणि गप्प बसली होती.

सकाळच्या बैठकीत सगळी चिंता घारींची होती. मोशीच्या कचरा डेपोवर घारी घिरट्या घालतात; एखादी इंजिनात शिरली तर काय करायचं, कुणी कुठल्या बाजूला निघायचं, हे टीमचे लीडर, सगळ्यांत पुढे उडणारे विंग कमांडर सोढी यांनी पुन्हा पुन्हा घोकून घेतलं. "कुणाची तब्येत?" असंही त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं. कुणीच हात वर केला नाही.

नऊ विमानं उडाली. खाली धुरकट हवेत दिघी, आळंदी, इंद्रायणीची वळणं सरकत गेली. पलीकडे चाकणच्या कारखान्यांचे पत्रे उन्हात चकाकत होते. मोशीवरून पहिली फेरी सरळ होती. निरंजनचा हात नेहमीसारखा बारीक बारीक हालचाली करत होता. दांडा तिच्या गुडघ्यांमध्येही तसाच हलत होता, कारण पुढचा आणि मागचा दांडा एकमेकांना जोडलेले असतात. तिने स्वतःला समजावलं, माणूस दमलेला असू शकतो. दमलेली माणसंही उडतात.

पहिल्या मोठ्या गिरकीला, आकाशात उभं वर्तुळ काढायला, लीडरने नाक वर खेचलं. अशा वेळी शरीराचं वजन चार-पाच पट होतं, गाल खाली ओघळतात, डोक्यातलं रक्त पायांकडे धावतं. ते थोपवायला पायलट पोट आणि मांड्या आवळून धरतो आणि हिसक्या-हिसक्याने श्वास घेतो. निरंजनचे ते हिसके तनुजाला ओळखीचे होते. आज ते उशिरा आले, आणि मधला एक आलाच नाही. विमान दोन नंबरपासून किंचित मागे पडलं, मग धक्का दिल्यासारखं पुढे गेलं. त्याच्याकडून असं कधी होत नसे.

"फाइव्ह, जागा धर," रेडिओवर लीडरचा आवाज.

"फाइव्ह," निरंजन एवढंच म्हणाला.

गिरकी पुरी झाली. वरचा निळा रंग गेला, जमीन परत खाली आली. तनुजाने धीर केला. "सर, आपण बाहेर पडू या का? एक फेरी बाजूला काढू. लीडरना सांगते मी."

"गप्प बस."

"सर, तुमचा श्वास —"

"तनुजा, खाली माझं घर आहे. माझा बाप गच्चीवर उभा आहे. गप्प बस आणि बघ."

ती फ्लाइट लेफ्टनंट, तो तिचा गुरू. बार्शीला तिचे वडील शाळेत शिकवत. मुलगी टीममध्ये जाणार म्हणून त्यांनी अख्ख्या शाळेला सांगून ठेवलं होतं. तिने आत्ता रेडिओवर तोंड उघडलं आणि निरंजन ठीक निघाला, तर घाबरट म्हणून टीममधली तिची जागा इथेच जाणार. आणि तो ठीक नसेल तर? ते वाक्य तिला पुरं करवेना. तिने उजवा हात मांडीवरून उचलला आणि दांड्याभोवती, त्याला न शिवता, बोटं वळवून धरली. नियम मोडला होता. कुणाला दिसणार नव्हतं, तरी तिला चोरी केल्यासारखं वाटलं.

"स्मोक ऑन," लीडर म्हणाले. नऊही विमानांमागून पांढरा, केशरी, हिरवा धूर सुटला. "वर... चला."

दुसरी गिरकी. छातीवर कुणी पोतं टाकावं तसं वजन आलं. तिने स्वतःचं पोट आवळलं, श्वास कोंडला, आणि कानात पुढचा हिसका यायची वाट पाहिली.

आला नाही.

एक लांब उसासा आला, झोपेत कूस बदलताना माणूस सोडतो तसा. मग काहीच नाही. पुढचं पांढरं हेल्मेट सावकाश एका बाजूला कललं आणि तिच्या बोटांच्या कड्यात दांडा उजवीकडे लवंडला.

दोन नंबरचा लाल पंख काचेत मोठा होऊ लागला. त्यावरचे रिव्हेट दिसले. पायलटचं डोकं दिसलं. तो लीडरकडे बघत होता, तिच्याकडे नाही.

"आय हॅव कंट्रोल!" ती ओरडली आणि दांडा डावीकडे ओढला. इंजिनाची मूठ मागे घेतली. विमान थरथरलं, डाव्या कुशीवर वळलं, लाल पंख काचेतून निसटला. "फाइव्ह बाहेर! डावीकडे, खाली! फाइव्ह बाहेर!"

आकाश फिरलं, धुराचे पट्टे बाजूला गेले, नाक क्षितिजाखाली आलं. खाली रस्ता, त्यावर कामगारांच्या बसेसची रांग, एका सोसायटीच्या गच्चीवरच्या काळ्या टाक्या, आणि त्यांच्या शेजारी वर बघणारी माणसं. इतकी स्पष्ट. तिने पंख सरळ केले, नाक उचललं, उंची घेतली. आठही विमानं तिच्या उजवीकडे वर दूर गेली होती. कुणी कुणाला लागलं नव्हतं. मगच तिला आपला स्वतःचा श्वास ऐकू आला, कुत्र्यासारखी धाप.

"सर! सर!"

उत्तर नाही. हेल्मेट तसंच कललेलं. तिने चाकणच्या बाजूला वळण घेतलं, घरांपासून दूर, आणि पुन्हा हाक मारली. मग हेल्मेट हललं. एकदम ताठ झालं.

"काय करतेस?" निरंजनचा आवाज जड होता. "फॉर्मेशन कुठंय? सोड दांडा!"

"सर, तुम्ही बेशुद्ध झाला होता."

"मी कुठेही बेशुद्ध झालो नाही! तू बाहेर काढलंस विमान? कुणाला विचारून?" त्याने दांडा उजवीकडे ढकलला. तिने डावीकडे धरून ठेवला. विमान मधल्यामध्ये डचमळलं. "आय हॅव कंट्रोल. सोड."

विमानाचा कॅप्टन असं म्हणाला की हात काढायचा. वाद नाही, विचार नाही. हे तिच्या अंगात इतकं भिनलं होतं की बोटं आपोआप सैल झाली. नाक लगेच उजवीकडे भरकटलं, पंख झुकला आणि झुकतच राहिला. तो सरळ करत नव्हता. त्याला ते दिसतच नव्हतं. तिने दांडा परत घट्ट पकडला.

"नाही सर. मी देणार नाही."

"हा हुकूम आहे."

"कळतंय मला. नाही देणार."

"फाइव्ह, काय झालं? घार लागली का?" लीडर सोढींनी रेडिओवर हिंदीत विचारलं. आता ती जे बोलणार ते सगळी टीम ऐकणार होती, खाली टॉवरवरचे लोक ऐकणार होते. निरंजनच्या श्वासावरून कळत होतं, तोही थांबला होता.

"घार नाही," ती म्हणाली. "कॅप्टनची तब्येत बिघडली आहे. गिरकीत शुद्ध हरपली होती. विमान मी उडवते आहे. परत येते आहे."

मग सोढी म्हणाले, "समजलं. तालीम बंद. तू आधी उतर, आम्ही वर थांबतो."

"संपलीस तू," निरंजन इंटरकॉमवर हळू आवाजात म्हणाला. "उद्या टीममध्ये नसशील."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हेल्मेटच्या काचेमुळे पुसता येईना. खाली कारखान्यांच्या छपरांच्या रांगा होत्या; नव्या गाड्यांनी भरलेले ट्रेलर नाशिक रस्त्याला लागले होते. तिने वळण घेत आळंदीकडे तोंड केलं. भांडून चालणार नव्हतं. हा माणूस तिच्या पुढ्यात बसला होता, त्याच्या हाताशी दुसरा दांडा होता, आणि जमिनीजवळ त्याने एकदा हिसका दिला तर तिला काही करता आलं नसतं.

"सर, एवढंच सांगा. शेवटचं काय आठवतंय?"

"दुसरी गिरकी. वर जात होतो."

"लीडरने 'वर, चला' म्हटल्यानंतर काय झालं?"

"मग..." तो थांबला. "मग आपण खाली होतो."

"मधलं?"

श्वास. आखूड, भराभर.

"दोन नंबर कुठे होता?" त्याने विचारलं. आवाज बदलला होता.

"खूप जवळ, सर."

"किती?"

"उतरल्यावर सांगते."

त्याने मास्क काढल्याचा खसफस आवाज आला, मग ओकारीचा. बराच वेळ. मास्क पुन्हा लागला तेव्हा तो म्हणाला, "मला दोन धावपट्ट्या दिसतायत, तनुजा."

"मी उतरवते. हात मांडीवर ठेवाल?"

"ठेवलेत."

मागून उतरवण्याचा सराव तिला होता, पण तेव्हा पुढे ठणठणीत माणूस असायचा, चुकलं तर सावरून घेणारा. आता पुढची सीट आणि त्या सीटवर कललेलं हेल्मेट एवढंच समोर, आणि त्यांच्या दोन बाजूंनी धावपट्टीचे काठ. टॉवरने एक प्रवासी विमान थांबवून धरलं होतं. चाकं खाली. तिने वेग मोठ्याने वाचायला सुरुवात केली, स्वतःसाठीच. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की पुढचा माणूसही तिच्याबरोबर ओठांतल्या ओठांत आकडे म्हणतोय. शेवटी धावपट्टी नाकाखाली गडप झाली, तिने अंदाजाने नाक धरलं, आणि विमान दाणकन टेकलं, उसळलं, पुन्हा टेकलं. ब्रेक. वेग उतरला. बाजूने रुग्णवाहिका धावत येताना दिसली.

त्याला खाली उतरवायला तिघे जण लागले. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "हा भाजतोय." संध्याकाळपर्यंत कळलं, डेंगी होता. दोन दिवस गोळ्या घेऊन त्याने ताप दाबून ठेवला होता.

दुपारी सोढींनी तनुजाला बोलावलं. टेबलावरच्या स्क्रीनवर खालून काढलेलं चित्रीकरण होतं. पाच नंबर दोन नंबरच्या अंगावर जातो, आणि वाटतं की आता लागलंच. मग तो कोलांटी खाल्ल्यासारखा निसटतो. सोढींनी ते तिला पुन्हा दाखवलं.

"चांगलं केलंस," ते म्हणाले. ती सुटकेचा श्वास सोडणार, तोच त्यांनी विचारलं, "त्याला बरं नाही हे तुला कधी कळलं?"

तिने खोटं बोलायचा विचार केला. केला, हे नक्की.

"सकाळी, सर. न्याहारीला. आणि विमानात चढताना."

"मी बैठकीत विचारलं तेव्हा तू तिथेच होतीस."

"हो."

"मग?"

ते माझे गुरू आहेत, त्यांच्या हातात माझी निवड आहे, त्यांच्या वडिलांनी गच्चीवर माणसं बोलावलीत; यातलं काहीही त्या स्क्रीनसमोर उच्चारण्यासारखं नव्हतं. सोढींनी स्क्रीन बंद केली. "हवेत जे धाडस दाखवलंस त्याच्या निम्मंही जमिनीवर लागलं नसतं. सोमवारपासून तुझं शिक्षण पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या कॅप्टनबरोबर. जा."

शनिवारी ती लष्कराच्या रुग्णालयात गेली. निरंजनच्या हाताला सलाइन लावलं होतं, ओठ सुकले होते. नानासाहेब खिडकीशी उभे होते, शालनबाई पायाशी बसल्या होत्या. तिला बघताच नानासाहेब तटकन म्हणाले, "तूच व्हय ती? आळी बघत हुती सगळी. आन् आमचं इमान मधनंच पळून गेलं. लोकं हसली, ठावं हाय का?"

"नाना," निरंजन म्हणाला.

"आरं पण —"

"नाना, मी झोपलो होतो. तिकडे वर. मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. तिनं आणलं खाली."

नानासाहेब खिडकीपासून पुढे आले. "झोपला हुतास म्हंजी?"

"म्हणजे गेलो होतो. मी, ही, आणि शेजारचा. कदाचित खालची माणसंपण."

शालनबाईंनी पदर तोंडाला लावला. थोड्या वेळाने त्या उठल्या, लेकाच्या कपाळावर हात ठेवला आणि या वेळी त्याने मान हलवली नाही. "मला परवाच कळलं हुतं अंग गरम हाय," त्या म्हणाल्या. "म्हटलं, एवढा मोठा सायेब, त्येला काय सांगायचं."

निरंजनने तनुजाकडे पाहिलं. "उतरल्यावर सांगते म्हणाली होतीस. किती जवळ?"

"सर, आत्ता कशाला?"

"सांग. मला आठवत नाही, म्हणून तूच सांगायला हवं."

तिने सांगितलं. पंखावरचे रिव्हेट दिसले ते सांगितलं, दोन नंबरचं डोकं दुसरीकडे वळलेलं होतं ते सांगितलं. तो डोळे मिटून ऐकत होता. मग म्हणाला, "विमानात तुला जे बोललो, ते आठवतंय मला. ते मात्र सगळं आठवतंय."

रविवारी प्रदर्शनाला आठच विमानं उडाली. जमिनीवर तनुजाला काही काम नव्हतं, आणि निरंजनने निरोप पाठवला होता की नाना-आईजवळ कुणीतरी असावं. म्हणून ती रहाटणीला गेली. गच्ची माणसांनी भरलेली होती. मोशीकडच्या आकाशात विमानं दिसली तेव्हा सगळे उठून उभे राहिले. डाव्या टोकाची जागा मोकळी ठेवली होती; दात पडल्यावर दिसते तशी ती दुरूनही दिसत होती. पहिली गिरकी सुरू झाली आणि तनुजाने कठड्याचा लोखंडी पाइप पकडला. पोट आपोआप आवळलं गेलं. प्रत्येक विमानाच्या आत एक श्वास चाललाय आणि आपल्याला इथून तो ऐकू येत नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"नानासाहेब," शेजारचे लक्ष्मणराव मागून म्हणाले, "तुमचं कंचं यातलं?"

नानासाहेबांनी वरची नजर काढली नाही. "आमचं न्हाई त्यात. आमचा दवाखान्यात हाय," ते म्हणाले. जरा थांबून मोठ्याने म्हणाले, "पर जित्ता हाय."

मग ते सरकले, तनुजासाठी कठड्याशी थोडी जागा केली आणि विचारलं, "पोरी, हे आता सरळ कधी व्हणार गं? माझ्याच्यानं बघवंना झालंय."

"आणखी दोन गिरक्या आहेत, काका," ती म्हणाली आणि आठही विमानं वरून खाली येईपर्यंत तिने डोळे मिटले नाहीत.